बघितली म्हणा

ये गं, अशी जवळ ये. परवा कुठून तरी माझा नंबर काढून फोन केलास, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलल्यासारखी बोललीस. चार वाक्यं सांगितलीस, रडलीस आणि "आजी, ठेवते" म्हणून फोन ठेवलास. असं करतात का? म्हाताऱ्या माणसाच्या पदरात एवढी गोष्ट टाकायची आणि पळायचं? मी फोन हातात धरून किती वेळ बसले होते. शेवटी सून म्हणाली, "आत्या, चहा गार होऊन पाणी झालं."

आणि विचारलंस काय, तर "ते दुकानातले काका कसे होते?" इतक्या वर्षांनी. बरं, विचारलंस हेही कमी नाही. तू त्याला एकदाच पाहिलंस, तेही गाडीच्या काचेतून, आणि त्याच्या तोंडाला मास्क. तुला काय कळणार तो कसा होता. फोनवर सांगायला जमत नाही, मध्येच नातू फोन ओढतो. म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन सगळं दुकानांच्या पाट्यांवर आणि पुड्यांच्या कागदावर झालेलं. बोलते तसं लिहीन, हसू नकोस.

आमच्या लोणावळ्याच्या घराची पुढची पडवी म्हणजे तो गाळा. माझे मालक होते तेव्हा तिथं सायकली दुरुस्त व्हायच्या. ते गेल्यावर बंद पडला होता, तो तुझ्या या काकाला भाड्यानं दिला. यानं तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. शटर अर्धं वर, आत एक टेबल, टेबलावर वाकवता येणारा दिवा, आणि टेबलाच्या अलीकडं एक लाकडी स्टूल. ते स्टूल गिऱ्हाइकाचं. कुणी मशिन घेऊन आलं की हा मान वर न करता म्हणायचा, "बसा."

"नाही, ठेवून जातो. संध्याकाळी येतो न्यायला."

"मग संध्याकाळीच आना."

"अहो, पण मला काम आहे."

"मशिन तुमचं हाय. उघडताना तुमी हितं पायजे. पोराला दवाखान्यात टाकून कुनी बाजारला जातं का?"

नुसतं बसूनही भागायचं नाही. तो एकेक भाग बाहेर काढायचा, दिव्याखाली धरायचा आणि मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचा. "ही तुमची मेमरी. बघितली?" गिऱ्हाइकानं म्हणायचं, "बघितली." मान हलवलेली चालायची नाही. "तोंडानं बोला." माणूस बोलला की ती पट्टी टेबलावरच्या फडक्यावर जायची आणि पुढची निघायची. "ही ब्याटरी. बघितली?" बंद करतानाही तसंच, उलट्या क्रमानं. बाजारात लोक म्हणायचे, त्याच्याकडं सत्यनारायणाला बसल्यासारखं बसावं लागतं. ते त्याच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाला, "पूजा न्हाई ओ. पंचनामा हाय."

मशिन सुरू झालं की पडदा गिऱ्हाइकाकडं वळवायचा आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. भिंतीवर बुद्धाचं लहान चित्र होतं, ते बघत. "समदं जागेवर हाय का, बघून घ्या. माझं काम डब्याचं. डब्यातलं तुमचं." लग्नाचे फोटो असोत नाहीतर हॉटेलची बिलं, याची पाठच दिसायची.

गोड माणूस नव्हता हं तो. मेलेल्या माणसाचा उगाच साखरेचा पुतळा करायला मला आवडत नाही. मी "जेवलास का रे बाबा" विचारलं तर म्हणायचा, "तुमाला काय करायचंय?" कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, माझ्याही नाही. पण माझा मिक्सर बंद पडला तेव्हा न सांगता आत आला, मिक्सर उचलला आणि मलाच माझ्या ओट्यापासून उठवून त्या स्टुलावर बसवलं. "ही तार. बघितली?" मी म्हटलं, "बघितली रे, माझी भाजी करपतेय." म्हणाला, "भाजी बंद करा. मग बसा."

आमच्या गावची हवा तुम्हा मुंबई-पुण्याच्या लोकांना आवडते, मशिनला नाही आवडत. पावसाळ्यात भिंतींना घाम फुटतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. तसाच त्या डब्यांतल्या हिरव्या पाट्यांवर गंज चढतो. निम्मी कामं त्याचीच यायची. पहिल्या पावसात यानं काय करावं? शेजारच्या चिक्कीवाल्याच्या भट्टीवर फळी टाकली आणि पाट्या तिथं वाळत घातल्या. मालकानं समोर बसायचं हा नियम तिथंही. शाळेतल्या क्लार्कबाई बिचाऱ्या नाकाला पदर लावून उकळत्या गुळाच्या वाफेत अर्धा दिवस बसल्या. मशिन चालू झालं. पुढच्या आठवड्यात बाई परत. मशिनच्या जाळीतून मुंग्यांची रांग लागलेली. चिक्कीवाला दारातून ओरडला, "अरे, मुंग्या बघितल्या का म्हणून विचार की त्यांना." सगळा बोळ हसला. हा हसला नाही. ब्रश घेऊन बसला आणि शेवटची मुंगी निघेपर्यंत बाईंना उठू दिलं नाही. मग पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून वाळवायची सोय केली.

आता पैशाचं सांगते, कारण दुकान काही हवेवर उभं राहत नाही. आधी तो बँकेत गेला. योजना होती म्हणे, पण बँकेला तारण पाहिजे. आंदर मावळात त्याच्या घरची भाताची खाचरं होती, डोंगराच्या पोटाशी, पण सातबाऱ्यावर चुलत्या-मालत्यांची इतकी नावं की सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या तर घरात एखादं लग्न निघेपर्यंत थांबावं लागलं असतं. साहेब म्हणाला, नोकरीवाला जामीनदार आणा. त्याच्या ओळखीत नोकरीवाला एकच होता, तो स्वतः, आणि नोकरी गेली म्हणून तर दुकान काढायचं होतं.

त्याची बायको आमच्या बचत गटात होती. गटाच्या कर्जाला दुसरं तारण नसतं, बाकीच्या बायांचा शब्द हेच तारण. एकीनं थकवलं तर सगळ्यांनी भरायचं. बैठक माझ्याच घरात. आमच्या खजिनदारबाई म्हणजे दगडावरची रेघ. त्या म्हणाल्या, "शेळी घेतली तर दिसते. शिलाईचं मशिन घेतलं तर दिसतं. या डब्यात काय असतं ते आपल्याला काय कळणार? उद्या म्हणेल, आत जळालं."

बायको उठून घरी गेली. पुढच्या बैठकीला तिच्या मागून हाच आला, डोक्यावर पोत्यात बांधलेला जुना कॉम्प्युटर. एका रिसॉर्टनं भंगारात काढलेला. सतरंजीवर ठेवला, उघडला आणि पहिला स्क्रू खजिनदारबाईंच्या हातात दिला. "धरा." मग एकेक भाग एकेकीच्या ओटीत. हळदीकुंकवाचं वाण घेऊन बसल्यासारख्या आम्ही सगळ्या मांडीवर एकेक तुकडा घेऊन बसलो. तो एकेकीकडून परत घेत गेला, जागेवर बसवत गेला, आणि शेवटी खजिनदारबाईंपुढं हात केला. "स्क्रू." बाईंनी मूठ उघडली. घामानं ओला झाला होता स्क्रू. बटण दाबलं, पडद्यावर उजेड आला. मागून एक म्हातारी म्हणाली, "लाव की जरा मालिका."

मंजूर झालं. आणि याचा विचित्रपणा बघ, मंजूर झाल्यावर म्हणतो, "येवढं नगं. दुकानावरच्या पाटीचं कमी करा." पाटीशिवाय दुकान कसं चालेल, सगळ्यांनी समजावलं. म्हणाला, "पाटी लावली की मानूस पाटीवर भरोसा ठिवतो. मला माझ्यावर ठिवायला लावायचाय." शेवटपर्यंत पाटी लागली नाही. कर्ज बायकोच्या नावावर, दुकान याचं. हप्ता मात्र चुकला नाही. तो द्यायलाही ती आली की हा तिच्यामागं उभा, आणि खजिनदारबाईंना विचारायचा, "घेतलं? तोंडानं बोला."

हे वेड कुठून आलं, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. पाऊस इतका होता की बोळात कुत्रंही नव्हतं. मी दळण निवडत होते, तो शटरमध्ये उभा होता. मी म्हटलं, "बाबा, लोक कंटाळतात. ठेवून जाऊ दे की त्यांना. तू काय चोर आहेस का?"

त्यानं शटर आणखी थोडं खाली ओढलं. मग म्हणाला, "तेच इचारलं होतं मला. गेटवर."

तळेगावच्या बाजूला एका कंपनीत तो ठेक्यावर होता. टीव्हीच्या आतल्या पाट्या जोडायचं काम. एक दिवस बारक्या भागांचं पाकीट हरवलं. सुट्टीला सगळे गेटमधून बाहेर पडले, याला तेवढं थांबवलं. खिसे बघितले. चपला काढायला लावल्या. डबा उघडला. "दुपारची भाकर उरली हुती मावशी. ती मोडून बघितली त्यांनी. भाकरीत काय लपवनार मी?" पाकीट नंतर दुसऱ्याच टेबलाखाली सापडलं. कुणी येऊन काही बोललं नाही. पुढच्या महिन्याला ठेकेदारानं यादीत याचं नाव घातलं नाही, एवढंच.

"समदे गेले भायेर. मलाच का थांबवला, ते तुमाला ठावं हाय," तो म्हणाला.

मला ठाऊक होतं. आमच्याकडं नाव सांगितल्यावर लोक थांबतात आणि म्हणतात, "पुढं?" पुढं म्हणजे आडनाव. आडनाव ऐकून काही जणांचा चेहरा किंचित बदलतो. तुला तुमच्या सोसायटीत ते दिसत नसेल. त्याला रोज दिसायचं. त्यात खोटं पाडण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, "आमाला आळ लवकर चिकटतो. सांडलेल्या गुळावानी. पुसला तरी मुंग्या येत्यात. म्हनून मी सांडूच देत न्हाई."

या हट्टापायी त्यानं किती कामं घालवली. एका रिसॉर्टचा मॅनेजर ऑफिसची सगळी मशिनं वर्षभरासाठी द्यायला तयार होता. त्यानं ड्रायव्हरबरोबर पहिलं पाठवलं.

"मालक कुठायत?" यानं विचारलं.

"साहेब बिझी आहेत."

"मग मशिनबी बिझी हाय. जा घेऊन."

त्या दिवशी त्याची बायको माझ्या दारात येऊन बसली. "मावशी, तुमी तरी सांगा. यांच्या पंचनाम्यानं पोट भरतंय का? मूल न्हाई बाळ न्हाई, कुनासाठी येवढं नाव सांभाळतोय हा मानूस?" तो आतून ऐकत होता. म्हणाला, "तुज्यासाठी. कर्ज तुज्या नावावर हाय." ती पदरानं तोंड पुसून चिक्की पॅक करायच्या कामाला निघून गेली.

मग लॉकडाऊन आला. बंगलेवाले बंगल्यांत अडकले, हॉटेलं बंद, बाजार सकाळचे थोडे तास. कॉम्प्युटर मात्र सगळ्यांनाच लागायला लागले. पण शेजारी बसवायचं कसं? यानं टेबल ओढून शटरच्या तोंडाशी आणलं आणि स्टूल बाहेर रस्त्यावर ठेवलं. वर छत्री बांधली. मास्कमधून ओरडायचा, "ही मेमरी. बघितली?" रस्त्यावरून मास्कमधून उत्तर यायचं, "बघितली." गस्तीवरचा पोलीस आला, म्हणाला, "गर्दी कसली?" हा म्हणाला, "गर्दी न्हाई साहेब, साक्षीदार हाय." पोलिसानं थोडा वेळ ऐकलं आणि मग आपल्या चौकीचाच कॉम्प्युटर घेऊन आला. तोही बसला छत्रीखाली, काठी मांडीवर घेऊन.

आता तुमच्या गाडीचं सांगते. आणि एक आधी लिहून ठेवते, तुझे पप्पा वाईट माणूस नाहीत. तेव्हाही मी त्यांना वाईट म्हटलं नाही.

मला ताप होता. मुलानं मला वरच्या खोलीत ठेवून दार लावून घेतलं होतं. खिडकीतून रस्ता दिसतो. दुपारी पावसात तुमची गाडी थांबली. पप्पा लॅपटॉप घेऊन उतरले. "भाऊ, हा चालूच होत नाहीये. मुलीची ऑनलाइन परीक्षा आहे."

"बसा."

"इथे? रस्त्यावर? बंगल्यावर माझे आईवडील आहेत, ऐंशीच्या घरातले. मी असा बाहेर बसू शकत नाही. तुम्ही उघडा, मी फोन करतो."

"मग जमायचं न्हाई."

"दुप्पट घ्या."

"पैशाचं बोलू नका."

तेवढ्यात तू काच खाली केलीस. तुला आठवतं का, ठाऊक नाही. डोळे सुजलेले होते तुझे. म्हणालीस, "काका, प्लीज. वर्ष जाईल माझं." पप्पा म्हणाले, "काच वर घे." तू घेतली नाहीस. तो तुझ्याकडं बघत राहिला. इतकी वर्षं मी त्याला बघत होते, रिसॉर्टला नाही म्हणताना, बायकोला नाही म्हणताना. त्या दिवशी तो म्हणाला, "ठेवा."

गाडी गेली. लॅपटॉप बराच वेळ तसाच टेबलावर पडून होता. तो त्याच्याभोवती फिरत होता, दुसरी कामं काढत होता. माझ्या खोलीखालीच दुकान, मध्ये फळ्यांचा माळा, खालचं बोलणं वर स्पष्ट येतं. दिवेलागणीला आवाज आला, "ही ब्याटरी. बघितली?" मला वाटलं पप्पा परत आले. खिडकीतून वाकून बघितलं तर छत्रीखालचं स्टूल रिकामं, पावसानं भिजत होतं. खाली हा एकटा. प्रत्येक वेळी विचारून थांबत होता, समोरच्या माणसाला उत्तर द्यायला लागतो तेवढाच वेळ. "ही डिस्क. बघितली?" थांबला. "ही येक मेमरी. बघितली?" थांबला. "दुसरी जागा रिकामी हाय. बघितली?"

तिथं तो जरा जास्त थांबला. मग पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नाही. ताप त्याच्याही अंगात होता. आधी कोविड सेंटरला नेलं, तिथून पुण्याला. तिकडून बायकोला फोन केला तो तब्येतीचा नाही. "शटर उघडू नगं. मशिनं उघडी हायेत. लोकांची हायेत. मी आल्यावर बंद करतो." लोक यायला लागले. कुणी विनवायचं, कुणी शिव्या द्यायचं. एक जण कुलूप तोडतो म्हणाला. ती शटरपुढं बसून राहिली. मी वरून सांगायचे, "आत ये गं, भिजशील." ती हलायची नाही. त्याचा दुसरा फोन आला तेव्हा त्याला धाप लागत होती, तरी विचारलं, "उघडलं न्हाईस ना?" तिसरा फोन हॉस्पिटलचा होता.

माणूस तिला बघायलाही मिळाला नाही. पुण्यातच सगळं झालं. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला त्याला चार माणसं, लांब लांब बसलेली.

त्यानंतर तिनं शटर उघडलं. एकेका गिऱ्हाइकाला निरोप पाठवला आणि नवऱ्याच्या खुर्चीवर बसली. भागांची नावं तिला येत नव्हती. ती म्हणायची, "ही हिरवी पाटी. ही लांबडी पट्टी. ही तार. बघितली?" स्टुलावर बसलेला माणूस मान खाली घालून म्हणायचा, "बघितली." कितीतरी मशिनं तशीच सुटी, पिशवीत घालून द्यावी लागली. क्लार्कबाई पिशवी छातीशी धरून रस्त्यातच रडल्या. कुणी तक्रार केली नाही. तुमच्याकडून ड्रायव्हर आला होता. तिनं त्याला परत पाठवलं. मग पप्पा आले, उभ्या उभ्या लॅपटॉप घेऊन गेले. बसा म्हणाली, बसले नाहीत. घाईत होते.

आठवड्यानं परत आले. तेव्हा आमच्या गटाच्या दोघी-तिघी तिथंच होत्या, खजिनदारबाईही. पप्पा आवाज न चढवता बोलले. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण पुण्याच्या इंजिनिअरनं उघडला तर आत एकच मेमरी आहे. मी दोनचे पैसे दिले होते. विकत घेतानाच दोन होत्या."

मी जिना उतरून आले. म्हटलं, "दुसरी जागा आधीच रिकामी होती. तो मोठ्यानं बोलला, मी ऐकलं."

"आजी, तुम्ही पाहिलंत का?"

"ऐकलं."

"ऐकलंत ना," पप्पा म्हणाले. कसं सांगू तुला, ते प्रेमानंच म्हणाले. नुसतं ऐकलेलं धरायचं नाही, डोळ्यानं बघायचं आणि तोंडानं बोलायचं, हे त्यानंच तर आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं.

खजिनदारबाई त्याच्या बायकोच्या कानाशी गेल्या. "देऊन टाक बाई. पट्टीचे पैसे गटातून काढू. मिटव."

ती म्हणाली, "पैसं दिलं तर चोरी झाली म्हनून दिलं असं हुईल."

ती आत गेली आणि त्याचा स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. भंगारातले भाग जोडून त्यानं बनवलेला, दुकानाचं सगळं काम त्यावरच चालायचं. त्याचाच स्क्रू-ड्रायव्हर घेतला. हाताला सवय नव्हती, एक स्क्रू घरंगळून गटारात गेला. तिनं आतली पट्टी उपसून काढली आणि दिव्याखाली धरली. दिवा लावलेलाही नव्हता.

"ही त्यांच्या मशिनची. सोताच्या पैशानं घेतलेली. तुमच्यातली गेली असं तुमी म्हंता, म्हनून ही न्या. त्यांनी घेतली असं मी म्हनत न्हाई. बघितली?"

पप्पा गोरेमोरे झाले. "अहो वहिनी, मला पट्टी नकोय..."

"तोंडानं बोला."

"बघितली," ते म्हणाले. तिनं ती त्यांच्या हातात ठेवली. ती तुमच्या लॅपटॉपला बसली असती की नाही, देव जाणे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहायला हात जड होतो. बाजारात बातमी गेली. ती कशी गेली, कुणी नेली, सांगता येणार नाही. त्या स्टुलावर वर्षानुवर्षं बसलेली माणसं, "बघितली, बघितली" म्हटलेली, हळू आवाजात म्हणायला लागली, "कोण जाणे बाबा. एवढा देखावा करायचा, म्हणजे काहीतरी असेलच." त्याचा नियमच त्याच्यावर उलटला. चिक्कीवाला तेवढा भांडला चारचौघांत. आमच्या गटातही एकीनं विचारलं, उरलेले हप्ते येतील ना. ते आले. तिनं चिक्की पॅक करून, भांडी घासून भरले, आणि फिटल्यावर चावी माझ्या हातात देऊन ती आंदर मावळात सासरच्या घरी निघून गेली. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते.

मी एकदा जाऊन आले. एसटी गावापर्यंत जात नाही, पुढं चालावं लागतं. तिनं मला भात वाढला. त्याचं नाव निघालं नाही. निघताना वाटेपर्यंत सोडायला आली आणि तिथं थांबून म्हणाली, "मावशी, त्या गाडीतल्या पोरीचा पेपर झाला का वो?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. म्हणाली, "हिस्पितळातनं पयल्याच फोनला त्यांनी इचारलं हुतं. मी तवा रागात हुते. बोलले, आता तेच बाकी हाय."

आता तू परवा जे सांगितलंस ते. जेवताना दादा हसत हसत बोलून गेला, की लॉकडाऊनमध्ये तुझ्या लॅपटॉपची एक मेमरी त्यानंच काढून स्वतःच्या गेमच्या मशिनला लावली होती, दुकानात द्यायच्या कितीतरी आधी. पप्पांना ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, कुणाला काय फरक पडतो. लहान होता तोही. मी त्याला काय बोलू.

पण हे मी तिला कळवणार नाही. तिच्याकडं फोन आहे, लावायला वेळ लागत नाही. मी सांगितलं तर ती म्हणेल, मावशी माझ्या जिवासाठी बोलतायत. ऐकीव गोष्ट काय कामाची असते हे तिला माझ्यापेक्षा जास्त समजलंय. आणि हे कळल्यानं बाजाराचं तोंड बंद होईल असं समजू नकोस. बाजाराला ती गोष्ट पाठ झालीय, आणि अर्धे तर त्याला विसरलेत. हे फक्त तिच्यासाठी आहे.

म्हणून तू ये, आणि हे तिच्यासमोर बसून तोंडानं सांग. दादा आला तर त्यालाही आण. पप्पांना आधी घरात सांग, माझ्या पत्रातून कळायला नको. ते आले तर आम्ही कुणी त्यांना बोल लावणार नाही, चहा देऊ. कुणीच नाही आलं तर एकटी ये. स्टेशनावर उतरलीस की फोन कर, नातवाला पाठवते. तिच्या गावाला मी तुझ्याबरोबर येईन. गुडघे कुरकुरतात, पण बसत उठत पोचू. परीक्षेचं काय झालं ते मला फोनवर सांगू नकोस, मी विचारलेलंच नाही. ज्यांनी विचारलं त्यांच्यातलं एक माणूस अजून आहे. दिवाळीपर्यंत थांबू नकोस गं, लवकर ये.